रतिबाचे खाडे

फलटणमधल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी मी एका रुग्णाला जे बोलले, ते मला अजूनही टोचते. मावशी वजनकाट्यावर उभ्या होत्या आणि काटा ७८.९ किलो दाखवत होता. तीन महिन्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा तो ७८.४ होता. बाहेर बाकावर सहा माणसे खोळंबली होती, सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता, आणि मी काट्याकडे पाहतच म्हणाले, "मावशी, असंच चालणार असेल तर वारीचं विसरा." त्या काहीच बोलल्या नाहीत. काट्यावरून उतरल्या, चपला पायांत सरकवल्या आणि कापडी पिशवीतून चार घड्या केलेली कॅलेंडरची तीन पाने काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

मावशी फलटणजवळच्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवतात. वय ५३, उंची १५२ सेंटिमीटर. शाळा पहिली ते चौथीची, पटावर ११८ मुले. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ या हिशेबाने रोज सुमारे १२ किलो तांदूळ निवडायचा, धुवायचा, शिजवायचा आणि नंतर ती पातेली उकिडवे बसून घासायची. त्याआधी पहाटे घरची म्हैस, तिचे शेण-पाणी, गावातल्या चार घरी दुधाचा रतीब आणि घरातल्या पाच जणांच्या भाकऱ्या. नोव्हेंबरमध्ये, दिवाळी उरकून, त्या उजवा गुडघा धरून माझ्याकडे आल्या. गुडघ्याच्या आतल्या बाजूची फट कमी झाल्याचे एक्स-रेमध्ये दिसत होते. हाडांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची आत्ता गरज नाही, वजन कमी करा, असे सांगून त्यांना माझ्याकडे पाठवले होते. उपाशीपोटी साखर ११२ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ६.१ म्हणजे मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर. कंबरेचा घेर १०४ सेंटिमीटर भरला; भारतीय स्त्रियांसाठी ८० च्या पुढे धोका धरतात.

त्यांची इच्छा एकच होती. माउलींची पालखी दर वर्षी आमच्या गावातून जाते आणि त्या दर वर्षी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात जोडतात. पुढच्या वर्षी त्यांना निदान लोणंद ते फलटण हे दोन टप्पे चालायचे होते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर त्यांनी मागितलेच नव्हते.

पहिल्या भेटीत मी जे सर्वांना सांगते तेच त्यांनाही सांगितले. गुडघ्याची झीज झालेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात २००५ मध्ये असे दिसले होते की वजन एक किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. हे ऐकून रुग्णाचे डोळे चमकतात, मावशींचेही चमकले. मग व्यायामाचा कागद दिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, आणि रोज वीस-पंचवीस मिनिटे चालणे. दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, असे त्यांच्या सुनेने मला विचारले होते आणि प्रश्न रास्त होता. पण चुलीपुढे वाकणे, उकिडवे बसणे, तासन्‌तास उभे राहणे यांत त्याच त्या हालचाली होतात. गुडघ्याला सावरून धरणारा मांडीचा पुढचा स्नायू त्यातून बळकट होतोच असे नाही, उलट दुखऱ्या सांध्यावर ताण पडत राहतो. कष्ट आणि व्यायाम यांतला हा फरक आपल्याकडे कोणी समजावून सांगत नाही, आणि राबणाऱ्या बायकांच्या वाट्याला "जरा वजन कमी करा" एवढे एक वाक्य येते.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा कागद जसाच्या तसा घडी केलेला होता. "मॅडम, मनच होत न्हाई," एवढेच त्या म्हणाल्या. त्यावर मी त्यांना मनाच्या निग्रहावर दहा मिनिटे ऐकवले. ध्येय डोळ्यांसमोर ठेवा, पालखी आठवा, नातवंडांचा विचार करा. माझ्या चौदा वर्षांच्या कामात हे बोलणे मी शेकडो वेळा केले असेल. त्याचा परिणाम दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकतो हे मला ठाऊक होते, तरी दुसरे काही सुचत नसल्यामुळे मी तेच बोलत आले होते.

त्या सोमवारी टेबलावर आलेली पाने डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीची होती. दुधाचा डाग पडलेली, खिळ्याच्या जागी फाटलेली. काही चौकटींत पेन्सिलने बारीक फुली होती, बाकीच्या चौकटी कोऱ्या. मला वाटले, फुली म्हणजे व्यायाम झाला तो दिवस. म्हणजे अवघे अकरा दिवस. मी तसे म्हणताच मावशी पहिल्यांदा जरा मोठ्याने बोलल्या. "न्हाई न्हाई, त्ये खाडे हायेत."

रतिबाचे खाडे जसे मांडतात तसे त्यांनी व्यायामाचे मांडले होते. दूध पोचले त्या दिवशी काहीच लिहायचे नाही, कारण ते पोचायचेच असते. पोचले नाही त्या दिवशी फुली. महिनाअखेर फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे वजा करायचे. १५ डिसेंबरपासून आदल्या दिवसापर्यंत ५६ दिवस होत होते. डिसेंबरच्या सतरा दिवसांत सहा खाडे, जानेवारीच्या एकतीस दिवसांत चार, फेब्रुवारीत एक. पंचेचाळीस दिवस ही बाई न चुकता व्यायाम करत होती आणि मी तिला वारी विसरायला सांगितले होते.

मी खुर्चीतून उठले, बाहेरच्या लोकांना थोडे थांबायला सांगितले आणि दार लावून घेतले. "मावशी, माझं चुकलं," असे म्हणून मी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवले आणि जे काट्याआधी करायला हवे होते ते केले. छातीवर हात बांधून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते ते मोजले. नोव्हेंबरमध्ये पाच वेळा जमले होते, तेही दात-ओठ खाऊन. आता दहा. कंबरेचा घेर १०४ वरून १०१. जिना उतरताना कठड्याला धरावे लागते का, असे विचारले तर म्हणाल्या की संक्रांतीपासून धरलेला नाही.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. वजनाचा आकडा भारतीय शरीराबद्दल किती कमी सांगतो, हे मी विद्यार्थ्यांना या छायाचित्रावरून शिकवते. त्या दुपारी मात्र मी आकडाच पाहिला. नोव्हेंबरची नोंद सकाळी उपाशीपोटी घेतलेली होती आणि या वेळी मावशी जेवून, पाणी पिऊन, जाड काठाचे लुगडे नेसून आल्या होत्या. एवढ्याने एखादा किलो सहज इकडे-तिकडे होतो.

मग मी त्यांना विचारले की मन होत नव्हते ते झाले कसे. त्यांचे उत्तर मी नंतर वहीत लिहून ठेवले. "मन कुठं झालंय? आजबी होत न्हाई. पर म्हस काय मन बघती का? पाच वाजलं की धार काढाय लागती. गुरुजींच्या घरी दूध न्हाई गेलं तर त्यांचा च्या ऱ्हातुया. तसंच ह्ये बी एक रतीबच धरलं."

चालण्यासाठी त्यांनी वेगळा वेळ शोधलाच नव्हता. शाळेत खिचडी दमाला लावली की वीस-पंचवीस मिनिटे चुलीपाशी एकीचे काम असते. जोडीदारणीला तिथे बसवून त्या मैदानाला फेऱ्या घालत. बारा चिंचोके मुठीत घ्यायचे आणि प्रत्येक फेरीला खांबाच्या बुडाशी एक टाकायचा. तिसरीतल्या मुलांनी हे हेरले आणि सुट्टीत ती चिंचोके मोजू लागली. एखादा दिवस मावशी बसून राहिल्या तर मुले विचारत, मावशी, आज चिंचोके न्हाईत का? पाय उचलण्याचे व्यायाम रात्री भांडी पालथी घातल्यावर. प्रत्येक गोष्ट अशा कामाच्या शेपटाला बांधलेली, जे काम कधीच चुकत नाही.

तरीही वजन उतरत नव्हते, आणि त्याचे कारणही त्या दुपारीच सापडले. व्यायामाने ताकद येते, साखर आटोक्यात यायला मदत होते, पण ताटात काही बदलले नाही तर केवळ चालण्याने वजन फारसे हलत नाही. मी ताटाबद्दल विचारत आले होते. पातेल्याबद्दल विचारलेच नव्हते. मुलांचे जेवण झाल्यावर तळाला लागलेली खरवड मावशी उलथन्याने सोडवून खात. टाकवत नाही, आणि खरवडीला चवही वेगळीच. ते त्यांच्या लेखी जेवण नव्हते. घरी जाऊन त्या तीन भाकऱ्या खात. शिवाय दिवसाला सात कप चहा, कपात दोन चमचे साखर. चमच्याला ५ ग्रॅम धरले तर ७० ग्रॅम साखर, म्हणजे २८० कॅलरी. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात; महिन्याची नुसती चहातली साखर त्याहून जास्त भरते. कागदावरचा हा हिशेब शरीरात तसाच्या तसा उतरत नाही, कारण वजन घटू लागले की शरीर खर्चही आवरते घेते, पण बाईला हिशेब चटकन पटला. "एकादशी दुप्पट खाशी" ही म्हण मी काढण्याआधीच त्यांनी उपासाच्या साबुदाण्याचे कबूल केले.

आम्ही मोठा आहार-तक्ता केला नाही. चहा तीन कप, अर्धा चमचा साखर. खरवड कोंबड्यांना. भाकरी तीनाच्या दोन, पण आधी वाटीभर मटकीची उसळ किंवा घरचे ताक, जमेल तेव्हा अंडे. आणि खाडे आता दोन रंगांत: व्यायामाची फुली पेन्सिलने, खाण्याची लाल पेनाने. वजन महिन्यातून एकदाच, सकाळी, त्याच लुगड्यावर.

मार्चअखेर ७६.२, एप्रिलअखेर ७४.८. मग शाळेला सुट्टी लागली आणि मे महिन्याचे पान फुल्यांनी भरले. पहिल्या दहा दिवसांत सात खाडे. खिचडी नाही म्हणून दम नाही, दम नाही म्हणून फेऱ्या नाहीत. मी दमून जाऊन पुन्हा निग्रहाचे काही बोलले नसते असे छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मावशींनी मला ती वेळ येऊ दिली नाही. खुंटी निघाली होती हे त्यांनी स्वतःच ओळखले आणि चालणे सकाळचा रतीब घालून परत येण्याच्या वाटेला बांधले. परतताना सरळ घरी न येता कॅनॉलच्या कडेने मोठा वळसा. उरलेल्या एकवीस दिवसांत तीन खाडे झाले.

जूनच्या मध्यावर वजन ७३.१ भरले. सात महिन्यांत ५.३ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या पावणेसात टक्के. ऐकायला हे फार वाटत नाही. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना सात टक्के वजन उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालायचे उद्दिष्ट देऊन अमेरिकेत जो मोठा अभ्यास झाला, त्यात २००२ मध्ये मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलेले दिसले होते. मावशींचे एचबीए१सी ५.८ आले. मी आनंदाने अहवाल वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि पालखी लोणंदला कधी येते ते विचारले.

पालखी फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला आली त्या संध्याकाळी आम्ही काही जण वारकऱ्यांचे पाय पाहायला बसलो होतो. फोड, लचक, पोटऱ्यांचे गोळे. रांग लांब होती आणि पावसाची भुरभुर चालू होती. अंधार पडता पडता मावशी समोर येऊन बसल्या. पावले सुजलेली, टाचेला एक फोड, उजवा गुडघा किंचित गरम, पण हलवताना दुखत नव्हता. लोणंदहून तरडगावला आणि तरडगावहून फलटणला त्या पायी आल्या होत्या. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले होते आणि घोडा दौडत गेला ते सांगताना त्यांचा हात माझ्या हातातून दोनदा सुटला.

मी टाचेला पट्टी लावत असताना त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले जूनचे पान काढले. कालच्या आणि आजच्या चौकटीत पेन्सिलची फुली होती. मी विचारले, "मावशी, दोन दिवस एवढं चाललात आणि खाडे कसले?"

"चालणं झालं," त्या म्हणाल्या, "पर रातच्याला पाय उचलायचं ऱ्हायलं की."