गढूळ रेघ

पावसाने गाठलं म्हणून बालगंधर्वच्या कलादालनात शिरले, कलेच्या ओढीने नव्हे. आत यंत्रांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं.

खोडदचा फोटो आवडला. नारायणगावजवळची ती रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाची एकेक तबकडी, अशा तीस. फोटोत एकीच्या पुढ्यात एक बाई गवत कापत होती, तबकडीकडे पाठ करून. आकाशगंगेपलीकडचं ऐकणाऱ्या त्या अजस्र कानाचं तिला सोयरसुतक नव्हतं. म्हैस खोळंबली असणार.

पुढच्या भिंतीवर पानशेत. १२ जुलै १९६१. धरण अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं. जवानांनी वाळूची पोती रचून पाहिली. सकाळी फुटलंच, आणि त्या पाण्याने खडकवासल्याचंही फोडलं. आमच्या घरी 'पूर' कुणी म्हणत नाही. 'पानशेतच्या आधी', 'पानशेतनंतर', इसवी सन असल्यासारखं.

नारायण पेठेतल्या घरातून जे थोडंफार वाचलं, त्यात आजी-आजोबांचा स्टुडिओतला फोटो होता. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी, ओठ घट्ट मिटून. आजोबांच्या गुडघ्यांवरून आडवी गढूळ रेघ. तिच्याखालचं सगळं फुगून पापुद्रे सुटलेलं. लहानपणी मला वाटायचं, आजोबा नदीत खुर्ची टाकून बसलेत. तसं विचारलं तर आजी म्हणाली, "आणि मी काय वेडी, शेजारी उभी राहायला?" दसऱ्याला ती फोटो पदराने पुसायची. रेघ काचेच्या आत आहे हे ठाऊक असूनही तिथे जरा जोर लावायची.

गेल्या रविवारी भाचा म्हणाला, "मावशी, थांब, नीट करून देतो." चहा उकळेपर्यंत झालंसुद्धा. रेघ गेली. आजोबांना पाय आले, पायांत चकचकीत बूट आले. जन्मभर वहाणा घातल्या त्यांनी. आणि आजी हसली, चक्क दात दाखवून. कुठल्या बाईचे दात, कोण जाणे. तिचा पुढचा दात अर्धा तुटलेला, हसू आलं की पदर तोंडावर.

"अरे, रेघ कुठाय?"

"डाग होता गं तो."

तोवर फोटो फॅमिली ग्रुपवर पोचलाही होता. बदाम, अंगठे, हात जोडलेले. मामीने लिहिलं, 'सासूबाई किती गोड दिसतायत!'

मीही एक अंगठा टाकला.