शाब्लीची वही, टप्पा तिसरा: नदीचे दोन काठ

शाब्ली म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातली, त्याच नावाच्या गावाभोवतीची पांढरी वाईन. पहिल्या टप्प्यात तिचे दोन दर्जे, पेती शाब्ली आणि साधी शाब्ली, शेजारी शेजारी ठेवून पाहिले, दुसऱ्यात स्टीलची टाकी विरुद्ध ओकचं पिंप. हा तिसरा: तिथल्या सरँ नदीचा उजवा काठ आणि डावा काठ. नियम पहिल्यापासून एकच आहे. एका फेरीत एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. बर्गंडी समजून घ्यायला बहुतेक जण कोत द नुई या तिथल्या पट्ट्यातल्या लाल वाईनपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. गाव वेगळं, मळा वेगळा, उत्पादक वेगळा, साल वेगळं, मग फरक नेमका कशाचा? वर किमती अशा की चुकायची सोय नाही. शाब्लीत द्राक्ष एकच, शार्दोने. नदी एक. दर्जे चार, खालून वर: पेती शाब्ली, शाब्ली, प्रमिए क्रू, ग्रां क्रू. बर्गंडीत मोडत असली तरी ती बोन शहरापासून शंभर किलोमीटरहून जास्त उत्तरेला, ओसेर शहराच्या बाजूला आहे. शँपेनचे दक्षिणेकडचे मळे तिला बोनपेक्षा जवळ पडतात. तिच्या आंबटपणाचं अर्धं उत्तर या नकाशातच आहे.

जमिनीबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू. शाब्ली, प्रमिए क्रू आणि ग्रां क्रू यांची ओळख असलेली जमीन म्हणजे किमरिजियन: चिकणमाती आणि चुनखडीचे थर, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचे. नाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून आलं. त्यात स्वल्पविरामाच्या आकाराच्या बारक्या कालवांचे शिंपले खच्चून भरलेले असतात. ढेकूळ हातात घेतलं की नखाएवढे शिंपले नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वरच्या पठारावरची पेती शाब्ली मुख्यतः पोर्टलँडियन या कडक चुनखडकावर होते. पण कालवांचा वास मुळांवाटे द्राक्षात चढतो, हे काही खरं नाही. माती पाणी किती धरते, उतार कुणीकडे आहे, ऊन किती वेळ मिळतं, यावर द्राक्षाचं पिकणं ठरतं. ज्याला आपण ‘खनिज’ म्हणतो त्यात टोकदार आंबटपणा असतो, फळाचा संकोच असतो, आणि पुष्कळदा किण्वनात तयार झालेली गंधकाची संयुगंही असतात. वहीत ‘खनिज’ हा शब्द एकटा लिहू नका. ओला खडू, काडी ओढल्याचा वास, खारटपणा, जे जाणवलं ते लिहा. नाहीतर दहा पानांनंतर सगळ्या नोंदी सारख्याच दिसतात.

दुसऱ्या टप्प्यातली राहिलेली नोंद

ओकच्या फेरीत बऱ्याच जणांनी स्टीलमधल्या वाईनला ‘पिंपातली’ ठरवलं होतं. कारण सापडलं. नुकत्या विझलेल्या काडीचा वास आणि भाजलेल्या पिंपाचा वास नाकाला जवळचे वाटतात. पहिला गंधकाच्या संयुगांचा असतो, दुसरा लाकडाचा. वेगळे करायला घरातलं तांब्याचं फुलपात्र पुरतं. चिंचेने लख्ख घासा, भरपूर पाण्याने धुवा, त्यात 30 मिली वाईन ओतून अर्धा मिनिट फिरवा आणि तांबं न लागलेल्या ग्लासाशी वास ताडून पाहा. काडीचा वास उतरला तर तो गंधकाचा, कारण तांबं त्याला बांधून टाकतं. तसाच राहिला तर लाकडाकडे बोट दाखवायला हरकत नाही. मात्र काही जुनी गंधकाची संयुगं तांब्याला दाद देत नाहीत, तेव्हा हा पुरावा एकतर्फी समजा. आणि फुलपात्रातली वाईन ओतून द्या, पिऊ नका.

पिंप म्हटलं की व्हॅनिला, हेही डोक्यातून काढा. राव्नो आणि दोविसा ही शाब्लीतली पिंपांसाठी नावाजलेली घराणी, पण त्यांची पिंपं बहुतेक जुनी असतात. त्यांतून चव जात नाही, थोडी हवा जाते आणि वाईन गोलाई धरते. इथलं पारंपरिक पिंप फयेत, 132 लिटरचं. बोनच्या बाजूला 228 लिटरचं चालतं. दुसऱ्या टोकाला लुई मिशेलसारखी फक्त स्टील वापरणारी घरं. शिवाय आंबटपणा मऊ करणारं दुसरं किण्वन, म्हणजे मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होणं, शाब्लीत जवळपास सगळीकडे होतं. तरीही वाईन धारदार लागते, यावरून मुळात आम्ल किती असेल त्याचा अंदाज घ्या.

काठांची फेरी: मांडणी

गावातून उत्तरेकडे पाहिलं की सातही ग्रां क्रू एकाच उतारावर, नदीच्या उजव्या काठाला दिसतात. वायव्येकडून आग्नेयेकडे: बुग्रो, प्रोझ, वोदेझीर, ग्रनुई, वाल्मूर, ले क्लो, ब्लांशो. सगळे मिळून जेमतेम 100 हेक्टर. कायद्याने हा ग्रां क्रू एकच आहे, ही त्याची सात नावं. ‘ला मुतोन’ हे आठवं नाव लेबलवर दिसतं. तो तुकडा मुख्यतः वोदेझीरमध्ये आणि थोडासा प्रोझमध्ये आहे. नाव वापरायला परवानगी आहे, यादीत मात्र ते नाही.

प्रमिए क्रू दोन्ही काठांवर आहेत. उजवीकडे फुर्शोम, मोंते द तोनेर, मों द मिलिय. त्यांची तोंडं साधारण नैऋत्येला, म्हणजे दुपारचं ऊन. डावीकडे वायों, मोंमँ, कोत द लेशे, बोरुआ. त्यांची तोंडं बहुतांशी आग्नेयेला, म्हणजे सकाळचं ऊन, आणि दऱ्यांतून येणारं गार वारं. आपल्याला तपासायचा आहे तो एवढाच फरक.

बाटल्या दोनच: मोंते द तोनेर आणि वायों. एकाच उत्पादकाच्या, एकाच सालच्या, एकाच पद्धतीने केलेल्या. साल 2020 घेतलं, कारण फळ वेळेआधी पिकूनही आम्ल टिकलं होतं. 2021 मुद्दाम टाळलं. त्या एप्रिलच्या हिमाने पीक इतकं घटलं की मळ्यापेक्षा त्या वर्षाचीच चव पुढे येते. 2018 मध्ये उलट अडचण: पीक भरघोस, फळ मऊ, धार बोथट.

चाचणी त्रिकोणी. प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोन एका बाटलीतले, एक दुसरीतला. वेगळा कोणता ते सांगायचं, बस. कोणता आवडला हे नंतर. मांडणीचे क्रम सहा होतात (ककख, कखक, खकक, कखख, खकख, खखक), ते चिठ्ठ्या टाकून वाटा. निम्म्यांना ‘क’ दोनदा, निम्म्यांना ‘ख’ दोनदा. माणसं 8, ग्लासात 30 मिली: प्रत्येक बाटलीतून 12 ग्लास, म्हणजे 360 मिली. उरलेल्या 390 मिलीत उघड्या फेरीला माणशी जवळपास 48 मिली येते. बाटल्या दोनच, पण काम दोन फेऱ्यांचं.

निकाल वाचताना हिशेब सोडू नका. तीनातून एक ओळखायचं म्हणजे निव्वळ अंदाजानेही तिसरा हिस्सा बरोबर येतो. आठांपैकी सहा किंवा जास्त जण अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे 2. पाच किंवा जास्त धरलं तर जवळपास 9. म्हणून पाचावर ‘फरक सिद्ध झाला’ असं लिहायचं नाही.

तापमानावर फेरी बुडते. फ्रीज 4 ते 5 अंशांवर असतो आणि तिथे दोन्ही ग्लास निव्वळ लिंबूपाणी वाटतात. काठांचा फरक 11 ते 13 अंशांत दिसतो. 16 च्या वर अल्कोहोल नाकात येतं आणि उजवा काठ उगाच जड वाटतो. बाटली गार करायला बर्फ आणि पाणी दोन्ही हवं. नुसत्या बर्फात खडे काचेला टेकतात तेवढ्याच जागी गारवा लागतो. बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवली तर 20 ते 25 मिनिटं पुरतात. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात 30 मिलीचा घोट ग्लासात झरझर तापतो, म्हणून तिन्ही ग्लास एकदम भरा आणि स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर एका जादाच्या ग्लासात ठेवून तोच आकडा वहीत टिपा. बाटलीचा आकडा कामाचा नाही.

काय निघालं

आठांपैकी सहा बरोबर. उघड्या फेरीतल्या नोंदी बऱ्याच जुळल्या: मोंते द तोनेर मध्ये रुंद, पांढऱ्या पीचकडे झुकणारी, गिळल्यावर खारटपणा रेंगाळणारी. वायों सुरुवातीला जास्त बोलकी, लिंबाची साल आणि फुलं, पण शेवट अरुंद आणि लवकर आटोपणारा. आंबटपणा दोघींचा सारखाच वाटला असं पाच जणांनी लिहिलं आहे. हे महत्त्वाचं. डावा काठ ‘जास्त आंबट’ नाही, त्याच्या आंबटपणावर मांस कमी आहे.

यावरून काठाचा नियम करायची घाई मात्र नको, कारण लेबलवरची नावं फसवी आहेत. प्रमिए क्रूची 40 नावं आहेत, त्यातली 17 मुख्य. लहान मळ्याची वाईन मोठ्या नावाने विकायची मुभा आहे. ‘मोंमँ’ लिहिलेल्या बाटलीत फोरे किंवा ब्युतोचं फळ असू शकतं, ‘वायों’मध्ये सेशे किंवा रोंसिएरचं, ‘मोंते द तोनेर’मध्ये शाप्लोचं. ‘फुर्शोम’ तर सगळ्यांत पसरट. त्यातला वोलोराँ ग्रां क्रू प्रोझला जवळजवळ लागून आहे आणि लोम मोर पार उत्तरेच्या टोकाला. दोघांवर नाव एकच. म्हणून खरेदीआधी उत्पादकाच्या माहितीपत्रकात मूळ तुकडे पाहा, आणि वहीत लेबलचं नाव आणि खरा तुकडा असे दोन रकाने करा.

बिघाड

एका फेरीत काही ग्लास बाद करावे लागले. ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि फळ गायब: बुचाचा दोष. तो हवा लागून जात नाही, उलट वाढतो, तेव्हा ‘थोडं थांबू’ म्हणू नका. दुसरी काळजी अकाली म्हातारपणाची. 1990च्या दशकाच्या मध्यापासूनच्या पांढऱ्या बर्गंडीत हे सतावत आलं आहे: पाच-सात वर्षांची बाटली गडद सोनेरी, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आणि अक्रोडाचा. एकाच खोक्यातली एक बाटली अशी आणि शेजारची ठणठणीत, असंही होतं. म्हणून जुन्या सालाची फेरी असेल तर जादा बाटली जवळ ठेवा आणि ग्लास भरण्याआधी पांढऱ्या कागदावर रंग ताडून पाहा. तिसरी गोष्ट आपल्याकडची. बुच वर आलेलं आणि तोंडाशी चिकट ओघळ दिसला तर बाटली वाटेत तापली आहे. ती चाचणीत घेऊ नका, रश्शात घाला.

खाणं फेरीत नको, फेरीनंतर. मीठ आणि लिंबू पिळलेली कोकणातली कालवं या वाईनला खरोखर शोभतात, कारण अन्नातलं मीठ आणि आंबट वाईनचा आंबटपणा तोंडात खाली आणतं. तिखट लाल रस्सा मात्र उलटतो: मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि फळ दिसेनासं होतं. रव्यातले बोंबील चालतात, मसाल्याचा हात आखडता ठेवला तर.

चौथ्या टप्प्यासाठी

वायोंच्या आतच उतरायचं: सेशे आणि रोंसिएर, नावानिशी वेगळ्या भरलेल्या बाटल्या, एकाच घरच्या. साल 2020 किंवा 2022, पण दोन्ही बाटल्यांना तेच. जोडी मिळाली नाही तर फोरे आणि ब्युतो. तिसरा ग्लास म्हणून अकलूजकडची शार्दोने ठेवायची सूचना आली आहे. उघड्या फेरीत जरूर ठेवू, उष्ण मुलखात हेच द्राक्ष कसं वागतं ते दिसेल. त्रिकोणी चाचणीत मात्र नाही, ती कोणीही ओळखेल. सळईचा थर्मामीटर दोन आणा, एक प्रत्येक बाजूच्या ग्लासाला.