टाच, अंगठा आणि तीन किलो पोलाद

बेल्जियममधलं गेंट सोडलं तेव्हा साडेआठ वाजले होते आणि नोव्हेंबरातलं फ्लांडर्स जेमतेम उजाडलं होतं. स्खेल्डे नदीच्या काठाने औडेनार्डेला जायचं, तिथे मुक्काम, आणि रविवारी जवळच्या एका खेड्यात हौशी मंडळींची सायक्लोक्रॉसची शर्यत, म्हणजे चिखला-गवतातून, मधेमधे सायकल उचलून पळत. कॅरियरच्या एका पिशवीत शर्यतीचे कपडे आणि जुने टॉवेल, दुसरीत कोरडे बूट आणि दिवाळीच्या उरलेल्या चकल्या. सायकल मात्र एकच.

एकच, कारण मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि जिना इतका अरुंद की सायकल खांद्यावरच न्यावी लागते. इथल्या लोकांकडे शर्यतीला एक, फिरायला एक, बाजारहाटाला एक अशा तीन-तीन सायकली असतात. मला एकीतच भागवायचं होतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात जुनं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे चकरा मारल्या.

त्याने आधी दोन फ्रेम पुढ्यात टाकल्या. पहिली खास शर्यतीची: बीबी (पॅडल ज्याभोवती फिरतात तो आस) उंच, म्हणजे खड्ड्यात पॅडल आपटत नाही, आणि मागचं चाक सीटखाली अगदी ओढून घेतलेलं. चपळ. पण कॅरियर कसायला एक भोक असेल तर शपथ. दुसरी पक्की टूरिंगची. बीबीपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ४६ सेंमी, त्यामुळे पिशव्या लावूनही टाच मोकळी फिरते. पण म्हाताऱ्याने टायर आणि दांड्याच्या मधे अंगठा घालून दाखवला. अंगठा अडकला. ‘इथे माती अडकणार, मग चाक फिरायचं नाही,’ म्हणाला. ही अंगठ्याची परीक्षा मी तेव्हापासून दिसेल त्या सायकलला लावतो.

माझ्या डोक्यात होती सर्ली कंपनीची क्रॉस-चेक नावाची पोलादी फ्रेम. तिच्या मागच्या चाकासाठीची जागा १३२.५ मिमी ठेवलेली आहे. रोड सायकलचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १३० मिमीचा, जुन्या माउंटन बाइकचा १३५चा. पोलाद जरासं दाबलं किंवा फाकवलं की दोन्ही बसतात. कार्बनच्या फ्रेमला असं करायची माझी छाती नाही. पण माझ्या मापाची क्रॉस-चेक मिळेना. शेवटी म्हाताऱ्याने माळ्यावरून तिसरी काढली: क्रोमोली पोलादाची, हिरवी, स्टिकर खरवडलेले, त्यामुळे कंपनी कोणती ते देव जाणे. मागे ४३.५ सेंमी, कॅरियर-मडगार्डची भोकं जागच्या जागी, अंगठा आरामात गेला. ब्रेकच्या तारा वरच्या दांड्याच्या वरून नेलेल्या, म्हणजे सायकल खांद्यावर घेतली की तारा रुतत नाहीत. पुढच्या चाकाच्या चिमट्यासकट फ्रेमचं वजन तीन किलोच्या आसपास. वजनाचं मी मनावर घेतलं नाही. माझ्याच पोटावरून तेवढं सहज उतरवता येईल.

तर त्या हिरवीवर नदीकाठचा रस्ता. याला जागपाड म्हणतात. पूर्वी इथूनच माणसं आणि घोडी दोर लावून बोटी ओढत. सपाट, सरळ, आणि वारा कायम तोंडावर. वाळूने भरलेला एक बार्ज (मालवाहू बोट) बराच वेळ माझ्या बरोबरीने चालला होता, गाव्हरच्या पुढे तोच पुढे निघून गेला. दर फेऱ्याला उजवी टाच पिशवीला हलकेच घासत होती. खस, खस. ४३.५ सेंमीत हे होणारच.

औडेनार्डेत सामान टाकलं आणि संध्याकाळी कोपनबर्ग बघायला गेलो. जेमतेम ६०० मीटरचा चढ, पण सगळ्यात उभ्या जागी २२ टक्के, आणि खाली गोल दगड. इथे त्यांना ‘किंडरकोप्येस’, म्हणजे पोरांची डोकी म्हणतात. १९८७ मध्ये टूर ऑफ फ्लांडर्स या सायकल शर्यतीत येस्पर स्किबी हा सायकलपटू इथे पडला आणि शर्यतीच्या अधिकाऱ्यांची गाडी त्याच्या सायकलवरून गेली. त्यानंतर हा चढ २००२ पर्यंत त्या शर्यतीतून बादच होता. ओल्या दगडांवर मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं तेव्हा मी निमूट उतरलो आणि ढकलत वर गेलो.

रविवारी सकाळी ४ नंबरच्या ॲलन कीने कॅरियर काढला, मडगार्ड काढले. आंतरराष्ट्रीय सायक्लोक्रॉस शर्यतीत टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही. माझे ३५चे होते, पण गावच्या शर्यतीत मोजायला कोण बसलंय? मैदान म्हणजे चिखलणी झालेलं भाताचं खाचर. पहिल्या फेरीतच उतरून पळावं लागलं. आडव्या फळ्या आल्या, सायकल उचलली, उडी मारली, आणि टिंग! घंटी काढायची राहिली होती. पुढची चाळीस मिनिटं प्रत्येक फळीला, प्रत्येक खड्ड्याला टिंग. दोरीपलीकडची मंडळी दुसऱ्या फेरीपासून माझी वाटच बघायला लागली. शेजारच्याचं चाक चिखलाने जाम झालं, तो काटकीने कोरत बसला. माझं फिरत राहिलं. तरीही शेवटून चौथा.

कॅरियर परत लावताना एक बोल्ट सापडेना. गवतात हात घालून बराच शोधला, मग एका आजोबांनी ट्रॅक्टरमधून तार आणून दिली. तारेने आवळलेला कॅरियर गेंटपर्यंत करकरत आला. वाटेत पिशवीचा हूक दोन बोटं मागे सरकवला, तेव्हा टाच सुटली. ही अक्कल शनिवारी का नाही सुचली कोण जाणे.

रात्री सायकल खांद्यावर टाकून तिसरा मजला चढलो. सकाळी दारावर खालच्या बाईंची चिठ्ठी होती, जिन्यातल्या मातीबद्दल.