हिरव्या बजरीत लपलेले रंग : अमळनेरच्या गच्चीवरून आमची वाटचाल

आमच्याकडे बजरी पक्षी घ्यायला नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, ताई रेनबो, म्हणजे अनेक रंग एकत्र असलेला पक्षी, आहे का, आणि हिरव्यांच्या पिंजऱ्याकडे कोणी बघत पण नाही. मी मात्र आधी त्यांना हिरव्यांपाशीच नेते, कारण आमचा हा सगळा व्यवसाय त्या हिरव्यांवर उभा आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला पक्षी द्यावासा वाटत नाही.

आम्ही बजरीगर, म्हणजेच बजरी, ब्रीड करतो, रंगांसाठी. आपल्याकडे सगळे याला लव्हबर्ड म्हणतात, पण खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, हा ऑस्ट्रेलियातला, आणि तिकडे रानात हा हिरवाच असतो, हिरवं अंग, पिवळं तोंड, पाठीवर काळ्या रेघा. १८४० साली जॉन गूल्ड यांनी जिवंत पक्षी इंग्लंडला नेले, मग युरोपात लोक घरोघरी पाळायला लागले आणि १८८० च्या आसपास बेल्जियममध्ये हिरव्यांच्याच पिल्लांत निळा निघाला. आज जे रंग दिसतात ते सगळे असेच हिरव्याच्या पोटातून आलेले आहेत.

मी २०१२ ला लग्न होऊन अमळनेरला आले. सासऱ्यांची पिठाची गिरणी, मिस्टर पण गिरणीवरच, आणि मला घरात बसवत नव्हतं. २०१४ च्या वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात गेलो होतो, तिथून मिस्टरांनी दोन जोड्या आणल्या, चारही हिरवे, सगळ्यात स्वस्त तेच होते म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "पाखरं पाळीसन पोट भरस का वं माय?" रागाने नाही, काळजीने, कारण तेव्हा घरात पैशाची ओढाताण होती.

पावसाळा लागल्यावर पिंजऱ्यात घरट्यासाठी मातीची मटकी टांगली. मादीने एक दिवसाआड एक अशी पाच अंडी दिली, साधारण अठरा दिवसांनी पिल्लं निघायला लागली, तीही एकेक करून, म्हणजे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यात आठवड्याचा फरक. मी रोज मटकीत डोकावायचे. नवीन पिल्लाला पीस नसतं, डोळे मिटलेले असतात, पण कातडी इतकी पातळ असते की आतल्या डोळ्याचा रंग दिसतो. चौघांचे डोळे काळेभोर आणि एकाचे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. मला वाटलं आजारी आहे, रात्रभर झोप नाही. तीन आठवड्यांनी त्याला पिसं आली ती हळदीसारखी पिवळी, एक पण काळी रेघ नाही! आई हिरवी, बाप हिरवा, आणि पोर पिवळं. शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं पिल्लू कोणी टाकलं असेल.

तेव्हापासून मी शिकायला लागले. नेटवर वाचलं, भुसावळला एक जुने पक्षी पाळणारे काका आहेत त्यांच्याकडे दर महिन्याला जायचे, वही घेऊन. त्यांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते असं की बजरीच्या अंगात निळा रंग म्हणून काही नसतोच. पिसाची आतली रचनाच अशी असते की उजेड पडला की निळं दिसतं, त्यावर पिवळ्या रंगाचा थर असतो म्हणून आपल्याला हिरवं दिसतं. पिवळं काढून घेतलं तर निळा पक्षी, काळं काढून घेतलं तर पिवळा ल्युटिनो, दोन्ही काढलं तर पांढरा अल्बिनो. म्हणजे रंग वाढत नाहीत, कमी होतात. २०१७ साली शास्त्रज्ञांनी हे पिवळं बनवणारं जीन पण शोधून काढलं, निळ्या पक्ष्यात त्याच्यात एक छोटासा बदल झालेला असतो, बस.

आणि आमच्या पिवळीचं कोडं सुटलं ते स्प्लिटमुळे. स्प्लिट म्हणजे दिसायला हिरवा पण आत दुसरा रंग घेऊन फिरणारा. ल्युटिनोचा गुण नर-मादी ठरवणाऱ्या क्रोमोसोमवर बसलेला असतो, नराकडे तसे दोन, मादीकडे एकच. म्हणून ल्युटिनोसाठी नर स्प्लिट असू शकतो, मादी नाही, तिच्यात असलं तर ते दिसणारच. आमचा यात्रेतला स्वस्तातला हिरवा नर ल्युटिनो स्प्लिट होता, आणि अशा नराची हिरव्या मादीशी जोडी लावली की जे लाल डोळ्याचं निघेल ती मादीच. पीस यायच्या आधी, नाकाच्या रंगावरून नर-मादी कळायच्या कितीतरी आधी, मी मटकीत बघून सांगू शकते ही मुलगी आहे. हे पहिल्यांदा खरं ठरलं तेव्हा मला जो आनंद झाला ना, तो पुढे पहिल्या मोठ्या ऑर्डरला पण झाला नाही.

मग वही सुरू झाली. प्रत्येक जोडीला नंबर, पिल्लाच्या पायात आठव्या दिवसाच्या आसपास रिंग, आई कोण, बाप कोण, आत काय लपलंय. पाचव्या-सहाव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरायचं, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर भरलेलं. सुरुवातीला वही नव्हती तेव्हा मोठी चूक केली, सगळे एकाच पिंजऱ्यात सोडलेले होते, बहीण-भावांच्याच जोड्या लागल्या आणि दुसऱ्या वर्षी अंडी रिकामी निघायला लागली, पिल्लं कमजोर, काही उडालीच नाहीत. ती मी विकली नाहीत, शेवटपर्यंत घरीच ठेवली.

उन्हाळा हा आमचा खरा शत्रू. खान्देशचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आमचे पिंजरे गच्चीवर पत्र्याखाली. २०१६ च्या मे मध्ये दुपारी लाईट गेली, कूलर बंद, मी एका लग्नाला पारोळ्याला गेलेले, येईपर्यंत साडेचार वाजले. पक्षी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसलेले, आणि तेवीस खाली पडलेले. त्यात ती पहिली पिवळी पण होती. आठवडाभर मी गच्चीवर गेले नाही, सासूबाईच दाणा-पाणी करत होत्या. त्यांनीच सांगितलं पत्रा काढा. मग पत्रा काढून कडब्याचं जाड छप्पर केलं, पश्चिमेला गोणपाट बांधून त्यावर ठिबकची नळी सोडली, म्हणजे टाकीत पाणी असलं की लाईट नसली तरी गोणपाट ओलं राहतं. आणि होळी झाली की सगळ्या मटक्या उतरवायच्या, पाऊस पडेपर्यंत एक पण जोडी लावायची नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. वर्षाला दोन विणींच्या वर मादीकडून घ्यायचं नाही हा नियम पण तेव्हाच केला.

खाण्याचं आम्हाला सोपं गेलं कारण गिरणी घरचीच. बाजरी इथलीच, राळा धडगावकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून येतो, मोड आणून देते, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, विणीच्या वेळी उकडलेलं अंडं. समुद्रफेस पिंजऱ्यात कायम पाहिजे, कॅल्शियम कमी पडलं तर मादीच्या पोटात अंडं अडकतं आणि ती हातातल्या हातात जाते.

आता रेनबो. रेनबो हा एक रंग नाही, ते तीन-चार गोष्टी एका पक्ष्यात जमून येणं आहे, अंग निळं, त्यावर यलोफेस म्हणजे पिवळं तोंड, त्यात ओपालिन म्हणजे रेघांविना मोकळी पाठ आणि त्यात क्लिअरविंग म्हणजे पांढुरके पंख. ओपालिन ल्युटिनोसारखाच नर-मादीच्या क्रोमोसोमवर, क्लिअरविंग मात्र आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं. मी एका निळ्या यलोफेस नराला, जो ओपालिन आणि क्लिअरविंग दोन्हींना स्प्लिट होता, दुसऱ्या घराण्यातली क्लिअरविंग स्प्लिट निळी ओपालिन मादी लावली. ओपालिनचा चान्स अर्धा, क्लिअरविंगचा पाव, यलोफेसचा अर्धा, म्हणजे सोळा पिल्लांत एक. विणीला चार-पाच पिल्लं धरली तर साडेतीन-चार विणी, तेही नशीब सरळ असेल तर. आणि हे स्प्लिट तयार करायलाच आधी दोन वर्षं गेली होती. ही मादी हिरव्यांमधून आलेली, त्या हिरव्यांच्या आत निळा आहे हे वहीशिवाय कळलंच नसतं.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये याच जोडीच्या, म्हणजे नंबर १७ च्या, तिसऱ्या विणीत एक पिल्लू निघालं, पंख पांढुरके, पाठ मोकळी, पण अंग नुसतं निळं आणि पिवळं फक्त तोंडाला. मी नाराज झाले, एका व्यापाऱ्याला बाराशेला द्यायचं ठरलं पण होतं. भुसावळच्या काकांनी फोनवर सांगितलं थांब, पिसं झडू दे. या जातीचं पिवळं पहिली पिसं झडल्यावर अंगावर उतरतं. जानेवारीत रोज सकाळी बघायचे, आधी मानेखाली थोडं, मग छातीवर, निळ्यात पिवळं मिसळत समुद्री हिरवं होत गेलं, शेपटीकडे निळं तसंच राहिलं. सासूबाई पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हाई आपलं शे?" (हे आपलं आहे?) तो नर अजून आमच्याकडे आहे, विकला नाही.

लोक फसतात याचं मला फार वाईट वाटतं. एका बाईने जळगावहून गुलाबी बजरी आणून दाखवली होती, विकणाऱ्याने परदेशी म्हणून चौपट पैसे घेतलेले. ओल्या कापसाने पुसलं तर बोळा गुलाबी. पांढरा पक्षी रंगात बुडवलेला, पंखाखालची कातडी लाल झालेली, तो आठ दिवसांत गेला. बजरीच्या पिसांत लाल आणि गुलाबी रंग नसतोच, कोणी दाखवला तर घेऊ नका. तसंच आपला देशी पोपट कोणी आणून देतो म्हटलं तर मी सरळ नाही म्हणते, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही. बजरीवर तसं बंधन नाही, पण दुकान चालवायचं तर २०१८ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते.

लॉकडाऊनमध्ये विक्री बंद होती, दाणा गिरणीचा होता म्हणून तरलो. आता साठ जोड्या आहेत, सुरत आणि नाशिकपर्यंत पक्षी जातात, पण पार्सलने नाही, माणूस घ्यायला आला तरच.

गेल्या मंगळवारी मंगळग्रह मंदिरात दर्शनाला आलेला शिरपूरचा एक दहावीतला मुलगा विचारत विचारत घरी आला. खिशात चारशे रुपये. रेनबो बघितला, किंमत ऐकून गप्प झाला. मी त्याला १७ नंबरच्या घराण्यातला हिरवा नर दिला, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं : निळा स्प्लिट, ओपालिन स्प्लिट, बाप अमुक, आई अमुक, होळीनंतर जोडी लावू नको. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली, मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवली आणि विचारलं, ताई याला मादी कोणती बघू?