खडी, क्ले बॉल आणि कोकोपीट: पाण्यात काय फरक पडला, माझा अनुभव

अ‍ॅक्वापोनिक्समध्ये, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर झाडं वाढवायच्या पद्धतीत, मासे कुठले, झाडं कुठली यावर सगळे भरभरून बोलतात आणि झाडं लावायच्या बेडमध्ये मातीऐवजी भरायचं काय (त्यालाच मीडिया म्हणतात) हे मात्र दोन वाक्यांत उरकतात. मला नेमकं तेच बघायचं होतं, म्हणून तीन छोटे सेटअप केले, टाक्या वेगळ्या, पाणी एकमेकांत अजिबात जाणार नाही असे, मासे आणि खाद्य साधारण सारखंच. एकात खडी, एकात भाजलेल्या मातीचे क्ले बॉल, एकात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा).

सुरुवातीला तिन्हीकडे सारखंच चाललं होतं. आधी माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया चढला, तो उतरायला लागला तसं नायट्राइट चढलं, मग हळूहळू नायट्रेट दिसायला लागलं. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करण्याचं काम (नायट्रिफिकेशन) करणारे जिवाणू मीडियालाच चिकटून राहतात आणि तिथे वाढायला वेळ घेतात, त्यामुळे तोवर खाद्य अगदी कमी ठेवलं.

पुढे खरा खेळ पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा (७ मधला, त्याखाली आम्ल). खडी भरायच्या आधी व्हिनेगरमध्ये टाकून बघितली होती, काही खडे फसफसले, म्हणजे चुनखडी आहे, तरी मुद्दाम तीच वापरली. पीएच ८ च्या आसपास जाऊन बसला तो हलेचना. अ‍ॅसिड टाकलं की थोडा उतरायचा आणि परत वर, कारण खडी विरघळतच राहते. झाडांची नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह घेता येत नव्हतं. शिवाय पीएच ७ चा ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे माशांचं टेन्शन वेगळंच.

क्ले बॉलचं उलटं. धुताना लाल गाळ संपता संपत नाही (कंटाळा येतो खरंच), पण एकदा स्वच्छ झाले की पाण्यात काही सोडत नाहीत. मात्र नायट्रिफिकेशनमध्ये आम्ल तयार होतं आणि ते झेलायला काही नसतं, त्यामुळे पीएच घसरत ६.५ च्या खाली गेला. आणखी खाली गेला की जिवाणूच सुस्त पडतात, म्हणून कधी पोटॅशियम बायकार्बोनेट, कधी थोडा विरलेला चुना असं चालू ठेवलं.

कोकोपीटने पाणी चहासारखं केलं. हा रंग कोकोपीटमधून सुटणाऱ्या टॅनिनचा, त्याने मासे मरत नाहीत पण टेस्ट किटचा रंग ओळखायचा कसा! त्यात ते सतत ओलं, हवा आत जात नाही, पंपात तुसं अडकतात, आणि बेड उकरला तर खाली सडक्या अंड्याचा वास. तो सेटअप बंद केला, आता कोकोपीट फक्त रोपं तयार करायला.

सध्या सगळीकडे क्ले बॉल आहेत आणि फसफसणारे ते खडे जाळीच्या पिशवीत भरून टाकीत सोडतो, पीएच ७ च्या वर जायला लागला की पिशवी बाहेर.