जाहिरात तोंडी बसावी लागते : आमची वाटचाल

जळगावात आमचं जाहिरातीचं काम चालतं. दुकानांच्या पाट्या, भिंती, रिक्षावर फिरवायचं रेकॉर्डिंग, केबलवरच्या जाहिराती आणि आता मोबाइलवर चालणारे छोटे व्हिडिओ. माणसं मोजकी, गिऱ्हाईक बहुतेक जळगाव, धुळे आणि नंदुरबारचंच. पण आमच्याकडे नव्याने कामाला लागलेल्या मुला-मुलींच्या हातात आम्ही लगेच कॅमेरा देत नाही. आधी दूरदर्शनच्या जमान्यातल्या जाहिराती बघायला बसवतो. आमची शाळा तीच. या धंद्यात आम्ही उभे राहिलो ते त्या जाहिरातींनी शिकवलेल्या एका गोष्टीवर: बघणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावंसं वाटेल असं काहीतरी जाहिरातीत असलं पाहिजे. ते नसेल तर चित्र कितीही देखणं असो, ते पडद्यावरच राहतं.

सुरुवात वडिलांनी केली. ते पेंटर होते. एसटीच्या रस्त्यालगतच्या भिंतींवर बियाणं, खतं, साबण, चहा अशा जाहिराती रंगवायचे. आधी चुन्याचा हात, मग गेरूने आखणी, मग ऑइल पेंट. त्यांचा नियम साधा होता. धावत्या एसटीतल्या माणसाला एका नजरेत वाचता आलं तरच ती भिंत. त्यामुळे चार शब्दांच्या वर ते जात नसत, आणि मालक पाचव्या शब्दासाठी अडला तर त्याला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभा करत.

दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या, पण आमच्यासारख्या भागांत टीव्ही खऱ्या अर्थाने आला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, ठिकठिकाणी लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली तेव्हा. गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही आणि बाकी सगळे त्याच्या ओसरीत. वडील जाहिराती बघायचे कमी आणि दुसऱ्या दिवशी पोरं खेळताना काय म्हणतात ते ऐकायचे जास्त. आम्हालाही तेच सांगायचे, ‘पडद्याकडे नको पाहू, पोरांकडे पहा.’ आजही कुठलंही रेकॉर्डिंग बाहेर पडण्याआधी आम्ही ते शेजारच्या पोरांना ऐकवतो आणि संध्याकाळी त्यातलं काय उरलंय ते बघतो. याहून चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

निरमाचंच घ्या. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादला ही पावडर बनवायला घेतली, सायकलवरून दारोदार विकली आणि नाव ठेवलं मुलीच्या, निरुपमाच्या नावावरून. त्या जाहिरातीत गोल फिरणारी पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी सगळ्यांना आठवते. पण ती जाहिरात घराघरांत शिरली ती हेमा, रेखा, जया आणि सुषमा या चार नावांमुळे, असं माझं ठाम मत आहे. त्या काळी खान्देशातल्या कुठल्याही शाळेत जा, वर्गात एक रेखा आणि एक सुषमा असायचीच. जाहिरात लागली की सगळ्या वर्गाच्या माना तिच्याकडे वळायच्या. कंपनीला एक पैसा जास्त न मोजता आपल्या ओळखीची चार माणसं टीव्हीवर दिसू लागली होती. शिवाय चाल अशी की ढोलकी नसली तरी बाकावर वाजवता येईल.

याच निरमाला उत्तर म्हणून सर्फने ललिताजी आणली. लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलिक पदमसींनी उभी केलेली आणि कविता चौधरींनी साकारलेली ही बाई मला आजही जाहिरातीच्या कामातला सर्वांत मोठा धडा वाटते. माल महाग होता. महाग माल विकणारे बहुतेक जण किमतीवर पांघरूण घालायला बघतात. इथे उलट, भाजीवाल्याशी पैशापैशाचा हिशेब करणारी, कुणाच्या बोलण्यात न येणारी बाई समोर ठेवली आणि तिच्याच तोंडून सस्ती चीज आणि अच्छी चीज यांतला फरक वदवला. घासाघीस करणारीच हे सांगते म्हटल्यावर ऐकणाऱ्याकडे उत्तर राहत नाही. आमच्याकडे तर कडक स्वभावाच्या वहिनीला, मावशीला ‘ललिताजी’ म्हणायची पद्धतच पडली. जाहिरातीतलं पात्र माणसांच्या बोलण्यात टोपणनाव होऊन राहतं, त्यापुढे कुठलं बक्षीस मोठं?

मी कामात आलो तो नव्वदच्या दशकात, केबलच्या दिवसांत. भिंतींची कामं चालूच होती, त्यात स्थानिक केबल चॅनेलवरच्या जाहिरातींची भर पडली. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. लग्नाची शूटिंग करणाऱ्यांकडे कॅमेरा आणि मिक्सिंगचं सामान असायचं, लग्नसराई सरली की ते मोकळे असायचे, तेव्हा त्यांच्याकडे काम उरकायचं. व्हीएचएस कॅसेट घेऊन केबलवाल्याच्या कंट्रोल रूमवर जायचं आणि रात्रीच्या सिनेमाच्या मध्ये ती लागते का ते बघत थांबायचं. आपल्याकडच्या टीव्हीत एका सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे दहा सेकंदांची जाहिरात ही २५० चित्रांची. ऐकताना पुष्कळ वाटतात. पण न घाई करता मराठीत बोलायचं तर त्यात पंचवीसेक शब्द बसतात, आणि दुकानदाराला त्यात पूर्ण पत्ता, दोन फोन नंबर, शाखा, मालाची सगळी यादी आणि स्वतःचा हात जोडलेला फोटो हवा असतो. समजावण्यात बराच वेळ जातो. तो वेळ द्यायलाच हवा, कारण पैसे त्यांचे असतात आणि दुकानावर जीवही त्यांचाच असतो.

अशा वेळी आम्ही अमळनेरचं उदाहरण देतो. आजच्या विप्रोचा जन्म आपल्या अमळनेरचा. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स काढली, वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण हा माल. १९६६ मध्ये ते गेले आणि त्यांचा मुलगा अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी कारभारात आला. संगणकाचं काम फार नंतरचं. त्याच घराण्याचा संतूर साबण ऐंशीच्या दशकात आला. सुरुवातीला सांगणं चंदन आणि हळदीचं होतं. पुढे त्यांना ती एक गोष्ट सापडली: एखादी तरुणी दिसते, बघणारा तिला कॉलेजची मुलगी समजतो आणि तेवढ्यात एक छोटी मुलगी ‘मम्मी’ म्हणत धावत येते. नट्या बदलल्या, कपडे बदलले, प्रसंग बदलले, पण ‘मम्मी’ जिथल्या तिथे. इतकी वर्षं एकच गोष्ट सांगायला फार मोठा धीर लागतो. आमचे काही गिऱ्हाईक दर दिवाळीला नवीन घोषवाक्य मागतात. मी त्यांना सांगतो, तुमचं जुनं वाक्य तुम्हाला कंटाळवाणं झालंय, गिऱ्हाइकाच्या कानावर ते आता कुठे पडायला लागलंय.

आमच्या कामाला वळण दिलं ते अहिराणीने, आमच्या खान्देशी बोलीने. धुळ्याचे एक नाना काळा मसाला बनवायचे, घरच्या घरी, कारखाना म्हणावा असं काही नाही. त्यांना टीव्हीवरच्यासारखी शुद्ध मराठी जाहिरात हवी होती, हॉटेलात सूटबूटवाला माणूस जेवतोय वगैरे. आम्ही ती लिहूनही दाखवली. मग त्यांच्याच घरी जेवायला बसलो. समोर शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. नानांच्या आई चुलीपुढून जे बोलत होत्या ते कानावर पडत होतं, आणि माझ्या बायकोने (आमच्याकडचं सगळं लेखन तीच बघते) तिथल्या तिथे एक ओळ बांधली: ‘शेवभाजीले रंग चढना, मायना हातनी याद उनी.’ म्हणजे शेवभाजीला रंग चढला, आईच्या हाताची आठवण आली. नानांना आधी पटेना. अहिराणी घरात बोलायची, टीव्हीवर कशी, असं त्यांचं म्हणणं. अनेकांचं तसंच होतं. शहरात आलेला खान्देशी माणूस चारचौघांत अहिराणी बोलायला बिचकायचा, याचं मला नेहमी वाईट वाटायचं. शेवटी त्यांच्या आईंनीच ओळ दोनदा म्हणून बघितली, हसल्या, आणि जाहिरात ठरली. आवाजही त्यांचाच घेतला. केहरवा तालाच्या आठ मात्रा, एक ढोलकी, एक पेटी, बस.

ती ओळ बाजारात फिरली. साक्री, शिरपूरकडून येणारी माणसं दुकानात मसाल्याचं नाव न घेता ‘ते मायना हातनं द्या’ म्हणून मागू लागली. त्यानंतर आम्ही अहिराणीत बरीच कामं केली आणि यावल-रावेर भागातल्या गिऱ्हाइकांसाठी लेवा गणबोलीतही केली. बोली बदलली की गावचा माणूस मान वर करतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्याला वाटतं, हे माझ्याशीच बोलतायत.

बोलण्याशिवायही जाहिरात लक्षात राहते, हे फेविकोलने दाखवलं. जैसलमेरच्या वाळवंटात माणसांनी लगडलेली ती बस, टपावर, मागे, बाजूला माणसंच माणसं, खड्ड्यात आदळते तरी कुणी पडत नाही, आणि शेवटी बसच्या पाठीवर फेविकोलची पाटी. जाहिरात कंपनी ओगिल्वी, कल्पना तिथल्या पीयूष पांडे यांच्या चमूची आणि दिग्दर्शक त्यांचेच बंधू प्रसून. चोपडा-यावल रस्त्याला खच्चून भरलेल्या काळी-पिवळी जीपमधून प्रवास केलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पण खरी करामत पुढे आहे. त्या बसमधून फेविकोल काढा, गोष्टच उरत नाही. आजच्या पुष्कळ जाहिरातींत मोठा नट आठवतो, गाणं आठवतं, आणि माल कुठला ते आठवत नाही. आम्ही प्रत्येक कल्पनेला हा प्रश्न लावतो: यातून दुकानाचं नाव काढून शेजारच्याचं टाकलं तर चालेल का? चालत असेल तर ती कल्पना बाजूला.

धाराची जिलेबीची जाहिरातही मला फार प्रिय आहे. रागावून घर सोडून निघालेला एवढासा पोरगा, स्टेशनवर रामूकाका त्याला सांगतात की घरी आईने जिलेबी केलीय, आणि त्याचा राग तिथेच विरघळतो. सगळी गोष्ट त्या पोराची, तेलाची नाही. लिज्जतच्या जाहिरातीतला तो हसरा ससा तर आपल्या रामदास पाध्येंचा बाहुला. आणि मोती साबणाने तर दिवाळीची पहाटच धरली. ‘उठा उठा दिवाळी आली’ म्हणत दार वाजवणारे अलार्म काका, विद्याधर करमरकर, अजून अभ्यंगस्नानाच्या वेळी आठवतात. सणाला बांधलेली जाहिरात दरवर्षी आपोआप नवी होते. म्हणून आम्ही आमचं कॅलेंडर आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया), पोळा, श्रावणातला कानबाईचा सण आणि सारंगखेड्याच्या यात्रेवर बेतलं. कानबाईच्या रोटांसाठी गहू दळायची लगबग सुरू झाली की गिरणीवाल्याची जाहिरात, पोळ्याला झुली-गोंड्यांची, आखाजीला माहेरवाशिणींच्या साड्यांची.

कुणी म्हणतं, तेव्हा एकच चॅनेल होतं, रविवारी रामायणाआधी सगळा देश तेच बघत होता, म्हणून त्या जाहिराती लक्षात राहिल्या. यात तथ्य आहे. रिमोट नव्हता आणि पुढे ढकलायची सोय नव्हती. पण त्याच रामायणाआधी लागलेल्या कितीतरी जाहिराती आज कुणालाच आठवत नाहीत. सगळ्यांना वेळ सारखीच मिळाली होती. राहिल्या त्या ज्यांच्यात म्हणण्यासारखी ओळ, ओळखीचं माणूस किंवा घरातला प्रसंग होता. ‘हमारा बजाज’ १९८९ मध्ये आली तेव्हा तिने इंजिनाचं कौतुक केलं नाही, स्कूटर पुसणारी, स्कूटरवरून कुटुंबासह जाणारी माणसं दाखवली. बघणाऱ्याने आपलीच स्कूटर पाहिली.

पुढच्या वर्षांत फ्लेक्स आलं आणि भिंती रंगवायचं काम जवळजवळ थांबलं. वडिलांच्या हाताखालचे कारागीर आम्ही सोडले नाहीत, ते आता मांडणीचं आणि अक्षरांचं काम बघतात, आणि त्यांच्या अक्षराला अजून तोड नाही. सेट टॉप बॉक्स आल्यावर स्थानिक केबलचा धंदाही आटला. मग मोबाइल. इथे तर बघणारा पाच सेकंदांत अंगठ्याने आपल्याला बाजूला करतो. तरुण सहकारी म्हणतात, सुरुवातीलाच दचकवलं पाहिजे. मला वाटतं, सुरुवातीलाच ओळख पटवली पाहिजे. ‘काय भो’ एवढ्या हाकेवर जळगावकर थांबतो, हे आम्ही अनुभवतो.

सध्या रावेरकडच्या एका महिला बचत गटाच्या केळीच्या वेफर्सचं काम हातात आहे. पिकाचा भाव पडला की केळीचं काय करायचं या प्रश्नातून त्या बाया उभ्या राहिल्या आहेत. त्यांना मोठ्या कंपनीच्या पुड्यांसमोर उभं राहायचंय आणि पैसे थोडे आहेत. ओळ अजून सापडलेली नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे तिथे जाऊन कढईपाशी बसणार आहोत.

तुमचं काही काम असेल तर जरूर या. येताना माल सोबत आणा आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाही आणा. लोगो, फोटो नंतर बघू. आधी तुमच्या मालाबद्दल घरात काय बोललं जातं, ते ऐकायचंय.