गुडघ्यावर लिहिलेली पत्रे

रविवार, रात्री साडेदहा

चिनी लेखिका शिए बिंगयिंग हिचे आत्मचरित्र आज दुपारी वाचून संपले. पण त्यातली तिची आई काही केल्या मनातून जात नाही. हुनान प्रांतातल्या एका डोंगराळ खेड्यात १९०६ साली जन्मलेल्या या मुलीचे पाय आईनेच कापडी पट्ट्यांत आवळून बांधले, कारण मोठ्या पावलांच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही, याची तिला खात्री होती. मुलीने शिकण्यासाठी अन्न सोडले, शाळेत गेल्यावर पायांच्या पट्ट्या सोडल्या आणि लहानपणीच ठरवून टाकलेले लग्न टाळण्यासाठी १९२६ साली वुहानच्या लष्करी शाळेत नाव घातले. सैन्यात गेलीस तर लिहायलाही पुष्कळ मिळेल, असे सांगणारा भाऊ तिच्या पाठीशी होता, हे वाचून मला फार बरे वाटले.

पुढच्या वर्षी त्याच पायांनी, पिंडऱ्यांना सैनिकी पट्ट्या गुंडाळून, ती फौजेबरोबर कूच करत होती. मुक्कामी इतर जणी झोपल्या, की ही गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला बसे. ती पत्रे संपादक सुन फुयुआन यांनी वुहानच्या वर्तमानपत्रात छापली, लेखक लिन युतांग यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले, आणि जेमतेम विशीतल्या या मुलीचे नाव चीनबाहेरही पोहोचले.

आणि तरीही, तुकडी मोडल्यावर घरी परतलेल्या या सैनिक मुलीला आईने कोंडून ठेवले! तीनदा पळण्याचा प्रयत्न फसला. जबरदस्तीने लग्न लागल्यानंतर कुठे ती निसटू शकली. एवढे होऊनही आईचे करारीपण ती ज्या बारकाईने रंगवते, ते वाचताना मला वाटत राहिले, की ही जिद्द तिने त्याच घरातून उचलली असावी.

१९३७ साली जपानशी युद्ध पेटले, तेव्हा हुनानच्या स्त्रियांचे पथक घेऊन ती जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी पुन्हा आघाडीवर गेली. पुढे तैवानात तिने अध्यापन केले, आणि २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत तिचे निधन झाले.

संध्याकाळी आईला फोनवर हे सारे सांगितले. आजीने तिला सातवीनंतर शाळेतून काढले होते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "त्या आईचे पायही तिच्या आईनेच बांधले असतील ना गं?"